भांडी लावणारे व्याही

भांडी घासायची मशीन घेतलेले लोक सोलापुरात पुष्कळ असतील, पण ती खऱ्या अर्थानं कळलेला माणूस एकच आहे आणि ते आमचे व्याही आहेत. माझ्या लेकीचे सासरे. आयुष्यभर मंद्रूपच्या बाजारात भुसार मालाचं दुकान चालवलं, जेवून उठण्यापलीकडे स्वयंपाकघराशी संबंध ठेवला नाही, आणि आता जुळे सोलापुरात मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर त्या मशीनला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना चालत नाही. माझी लेक बँकेत अधिकारी आहे, पण मशीनमध्ये भांडी लावायची परवानगी तिला अजून मिळालेली नाही. "पोरी, तू लई गर्दी करतीस," असं तिला तोंडावर सांगितलं जातं.

त्यांचं सगळं शास्त्र पोत्यांच्या थप्पीतून आलं आहे. धान्याच्या थप्पीत हवा खेळली पाहिजे, तसं भांड्यांमध्ये पाणी खेळलं पाहिजे. ताटं सुटी सुटी, तोंडं आतल्या बाजूला. वाट्या पालथ्या आणि जरा कलत्या, म्हणजे बुडावर पाणी साचत नाही. एकमेकांना चिकटून पडलेले चमचे ते वेगळे करतात. भाकरीची परात कडेला उभी करायची. आडवी ठेवली तर वरच्या भांड्यांना पाणीच मिळत नाही. शेवटी पाणी उडवणारा पंखा बोटानं गरकन फिरवून बघायचा, कशाला अडत नाही ना, आणि मगच दार लावायचं. एखादं पातेलं मावत नसेल आणि आपण "बसेल की हो" म्हटलं, तर हात वर करून "साकु!" म्हणतात. कानडीत साकु म्हणजे पुरे. त्यापुढे अपील नाही.

त्यांच्या घरी जेवणाऱ्याला सुख नाही. ते समोर बसून आपलं ताट निरखत असतात. शेंगाचटणी उरली की हळूच म्हणतात, "तेवढी खाऊन टाका विहीणबाई, मशीनच्या जाळीत अडकती." त्या जाळीपायी मी एकदा पोट फुटेस्तोवर चटणी खाल्ली आहे. ताट विसळायचं नाही, नुसतं खरकटं निपटून द्यायचं, हा नियम. पितळ, लोखंडी तवा आणि लाकडी लाटणं मशीनच्या आसपास फिरकू द्यायचं नाही. माझ्या घरी आले की चहाच्या आधी ओट्यावरच्या वाट्या उलट्या करून त्यांची बुडं तपासतात. दुकानात ताट घेताना ते काउंटरवर उभं करून बघतात. दुकानदारानं एकदा विचारलं, "काका, ताटात जेवायचं असतं ना?" तर म्हणाले, "जेवण कशात बी हुतंय. धुवायला ते उभं ऱ्हायलं पायजे."

हे सगळं ज्ञान नंतरचं. मशीनचं सुरुवातीचं कौतुक मात्र साफ खोटं होतं.

मशीन आली होती अक्कांच्या हातांसाठी. अक्का म्हणजे व्याह्यांची बायको. त्यांच्या बोटांना भेगा पडून रक्त यायचं आणि साबणाच्या पाण्यात हात घालायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हा भांडी अक्काच आत ठेवायच्या आणि व्याही दुपारची झोप काढून उठले की बटण दाबायचे. ताटं आरशासारखी निघायची. "बघून दाढी करावी, विहीणबाई!" असा मला फोन यायचा. अक्कांचे हात मात्र बरे होईनात. मलमं बदलून झाली, आता डॉक्टर बदलायचं चाललं होतं.

अशात एका दुपारी मी न कळवता गेले. अक्का मागच्या बाल्कनीत बसून काथ्यानं ताटं घासत होत्या. बोटं लालभडक.

"अहो अक्का, मग मशीन कशाला आहे?"

"हळू बोला की. उष्टं तसंच आत कोंडून ठिवायचं मला न्हाय जमत. मी घासून आत ठिवते, ते उठून बटण दाबतेत. लई खूश हायती बघा. त्यांना नका सांगू."

मी सांगणारच होते. असली नाटकं मला चालत नाहीत. तेवढ्यात झोपेतून उठलेले व्याहीच माझा आवाज ऐकून मशीनची जाळी घेऊन बाहेर आले. ती अधूनमधून साफ करावी, असं लेकीनं त्यांना सांगून ठेवलं होतं.

"विहीणबाई, शेंगाचटणीबिगर आपल्या घरात जेवण न्हाय, आन जाळीत एक कण न्हाय. हे कसं काय?"

मग त्यांना अक्कांचे हात दिसले. आत जाऊन जाळी बसवली, आणि दुसऱ्या दिवसापासून दुपारची झोप सोडली. जेवणं झाली की अक्कांच्या हातातून ताट काढून घ्यायचं आणि थेट मशीनमध्ये. आता खरा निकाल लागला. वाटीत पिठलं वाळलेलं, ताटांवर बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग. अक्का नुसत्या बघायच्या. व्याही हट्टानं त्याच ताटात जेवायचे आणि "झ्याक निघालंय की" म्हणायचे. मग माझ्या लेकीला विचारून विचारून शिकले. बोअरचं पाणी जड, म्हणून मशीनचं ते वेगळं मीठ भरायचं, स्वयंपाकातलं नव्हे. मशीन थांबली की दार किलकिलं करून वाफ जाऊ द्यायची. आणि थप्पी तर त्यांना येतच होती.

अक्कांची बोटं आता भरून आली आहेत. परवा गेले तेव्हा जेवणं उरकली होती, मशीन चालू होती. अक्का सोफ्याच्या टोकाला बसल्या होत्या आणि हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. "नुसतंच बसायचं व्हय वो?" त्यांनी मला विचारलं. व्याही दुसऱ्या टोकाला होते. "सवय हुईल की," म्हणाले. जेवणानंतर असं एका जागी बसायचं दोघांनाही नवीन होतं. मी उठले. दारात चप्पल घालताना व्याह्यांचा आवाज आला, "हात दाव बघू."

"रोज काय बघायचं त्यात?" अक्का म्हणाल्या.

पण दाखवला असावा. लिफ्ट येईपर्यंत आतून नुसता मशीनच्या पाण्याचा आवाज येत होता.