सोजीरबाबाचं पान

मधुमतीबाईंचे डोळे घारे. कोकणात असले डोळे घरोघर, पण बाईंचं माहेर पडलं नागपूरजवळच्या कामठी छावणीतलं. त्यामुळे त्यांच्या घारेपणाला कूळकथा होती, आणि ती लखनौच्या तेलीबागेतल्या प्रत्येक नव्या शेजारणीला पहिल्याच चहाबरोबर मिळे. खापरपणजोबा स्कॉटलंडचा सोजीर, गोरा शिपाई. कामठीत खापरपणजीशी रीतसर लग्न केलं. ती गरोदर असताना सत्तावनच्या बंडाच्या धामधुमीत पलटण लखनौला निघाली आणि तो तिथं कापला गेला.

"मला इथं बदलीनं नाही, पूर्वजानं आणलं," असंही बाई म्हणत.

बदली खरी झाली होती ती नवऱ्याची. दीनानाथराव मानक नगरच्या रेल्वे संस्थेतून निवृत्त झालेले इंजिनिअर. चहात बिस्किट बुडवता बुडवता ते म्हणत, "कापला कसला जातोय, पळाला असेल. मडम, तुमच्या घराण्यात टिकून राहिले ते फक्त डोळे."

लग्न झाल्यापासून हे चाललेलं. चारचौघांत बाई हसत, पण ते शब्द आत सलत. माहेरी कोणी उरलं नव्हतं, म्हणून सर्वपित्री अमावस्येला सोजीरबाबाचं पान त्याच वाढत. खीर, वडे आणि शेजारी गोऱ्या माणसाची आवड म्हणून एक आरारूट बिस्किट. गच्चीवरचा कावळा इतका सरावला होता की आधी बिस्किटालाच चोच लावी.

यंदा त्यांनी बँकेतल्या मुलाला, समीरला, गळ घातली. विलायतेतली जुनी लष्करी दप्तरं आता घरबसल्या बघता येतात म्हणे. "तो लखनौला पडला एवढंच शोधून दे. ह्यांच्या तोंडाला कुलूप लागेल."

पितृपक्षाच्या तोंडावर समीर लॅपटॉप घेऊन बसला. "मम्मी, नाव मिळालं. पण लखनौच्या मृतांत नाही. अर्ज करून फौज सोडलीय त्यानं. सीधा घर गया."

"घर म्हणजे कामठी?"

"नाही गं, स्कॉटलंड. तिथं लग्न केलं, खानावळ काढली, म्हातारा होऊन मेला."

बाईंना माहेरी पिढ्यान्‌पिढ्या हिंदीतच सांगितलं जाणारं वाक्य आठवलं. खापरपणजी मूल कडेवर घेऊन छावणीत चौकशीला गेली, तेव्हा मुन्शी म्हणाला होता, "साहब का नाम कट गया." नाव पटावरून कटलं होतं. तिनं आणि तिच्या भावांनी ऐकलं की माणूसच कटला. भावांनी तिला घरात घेतलं, पण केस उतरवून, आलवण नेसवून. कांदा बंद, मसूर बंद, रात्रीचं जेवण बंद. अशीच ती प्लेगात गेली.

"तो कधी मेला?"

"प्लेगनंतर बऱ्याच वर्षांनी."

ही संधी सोडतील तर ते दीनानाथराव कसले. "म्हणजे जिवंतपणीच पानं जेवत होता पठ्ठ्या, तिकडेही आणि इकडेही. यंदा खुशाल वाढा. आता नक्की मेलाय."

बाई अमावस्येपर्यंत थांबल्याच नाहीत. अविधवा नवमीला, नवरा जिवंत असताना गेलेल्या बायकांच्या तिथीला, त्यांनी स्वयंपाक केला. मसुराची आमटी, कांद्याची भजी, विडा. गच्चीच्या कठड्यावर पान ठेवलं आणि त्याच्या शेजारी हिरव्या बांगड्या.

"पितरांना कांदा?" दीनानाथराव डोकावले.

"खापरपणजीचं पान आहे. सवाशण मेली ती. तिला कुणी सांगितलं नाही, एवढंच."

"आणि जेवायला सवाशण कोण बोलावलीय?"

बाई पाटावर बसल्या. "मीच. वाढा."

"मी वाढू?"

"पळाला असेल म्हणायचात. बरोबर निघालात. वाढा आता."

त्यांनी वाढलं. आमटी अर्धी ताटाबाहेर गेली. एवढ्यात कावळा आला. पानाभोवती फिरला, बांगड्या चोचीनं सारून पाहिल्या, बिस्किट कुठंच दिसेना तसा उडून गेला.

"हाही त्याच्याच पलटणीतला," बाई म्हणाल्या आणि भजं मोडलं.