एकाच हाताच्या बाह्या

राग माझ्या नाकावरच असतो. धाराशिवात एसटी स्टँडामागं माझा शाळेचे गणवेश शिवायचा छोटा कारखाना आहे, आणि तिथल्या आठही बायकांना हे चांगलं ठाऊक आहे. कापड बेतणारे मास्तर मात्र माझ्या वडिलांच्या वयाचे. ढोकीहून रोज एसटीनं यायचे. त्यांच्याशी मी कधी आवाज चढवून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले.

शाळा उघडायला आठवडा उरला होता आणि लाईट गेली होती. मास्तर म्हणाले, "ताई, लाईट येऊ द्या, मग कापतो." मी म्हटलं, "आत्ताच कापा." त्यांनी कापलं. लाईट आल्यावर एका बाईनं पहिला सदरा जोडायला घेतला तेव्हा कळलं, थप्पीतल्या सगळ्या बाह्या डाव्याच. कापडाला उलटसुलट बाजू होती, त्यामुळं फिरवून लावायचीही सोय नव्हती.

माझा पारा चढला. "दिसत नसेल तर घरी बसा, मास्तर!" मी सगळ्यांदेखत म्हणाले. मशिनी थांबल्या. मास्तरांनी आपली कात्री फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकली आणि निघून गेले. आमच्याकडं कात्री मास्तरची स्वतःची असते, पण ती टेबलावरच राहते. घरी नेली म्हणजे काम सोडलं.

मला घास गोड लागेना. घाई माझी, अंधार माझ्या कारखान्यातला, आणि अपमान त्यांचा. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं ढोकी गाठली. मास्तरांच्या बायकोनं चहा केला. मी हात जोडले, चुकले म्हणाले, परत चला म्हणाले.

मास्तर बशीत चहा ओतत म्हणाले, "चूक माझीबी व्हती, ताई. पर तुमी बोलल्या आठ बायांम्होरं, अन् माफी मागताव इथं, माझ्या घरात. त्यांना कसं कळंल?"

खरं सांगायचं तर मालकीण असून आपण दारी आलो, याचं मला मनातून कौतुकच वाटत होतं. ते तिथंच उतरलं.

मास्तर माझ्यासोबत आले, पण कारखान्याच्या दारातच उभे राहिले. मी सगळ्या मशिनी बंद करायला लावल्या.

"लाईट नसताना कापायला मीच लावलं. काल जे बोलले ते बोलायला नको होतं. मास्तर, मला माफ करा."

लाज वाटत होती. बायका खाली माना घालून बसल्या होत्या.

मास्तरांनी चपला काढल्या आणि ते आत आले.