वाइंडिंगचाचांची दुपार

वाइंडिंगचाचा कोणाच्याही घरात शिरले की आधी भिंतीवरच्या वायरीला उलटा हात लावायचे. तापलेल्या मुलाच्या कपाळाला आई लावते तसा, हलकेच. मग बटणाला, मग चार्जरला. घरातल्या माणसांकडे त्यांचे लक्ष त्यानंतर जाई. कुठे ऊब लागली की मान हलवून म्हणत, "गरम शे म्हंजे चोर शे." 'शे' म्हणजे 'आहे', एवढी अहिराणी तुम्हाला आली तरी चाचा समजतील. दिव्यासाठी निघालेली वीज वाटेतच उष्णता होऊन सांडते आहे, असे त्यांना म्हणायचे असे. पण ते असे म्हणाले की घरात खरोखरच कोणी लपून बसल्यासारखे वाटे. तुम्ही दोघा नातवंडांनी मात्र हे घरी करून पाहू नका. चाचांचा हात चाळीस वर्षे तारांमध्ये वावरलेला होता.

नंदुरबारला मिरची बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचे मोटर वाइंडिंगचे दुकान होते. जळालेले पंखे आणि पाण्याच्या मोटारी उघडायच्या, आतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची, हा धंदा. मिरचीच्या हंगामात तिथे गेलेले माणूस दुकानात पाऊल टाकण्याआधीच चार वेळा शिंकत असे. चाचा मात्र शिंकत नसत, कारण शिंकले तर वेढे मोजताना चुकेल. मी पहिल्यांदा माझा टेबलफॅन घेऊन गेले आणि नमस्कार केला, तेव्हा त्यांनी मान वर न करता उत्तर दिले, "दोनशे बारा." मला वाटले भाव सांगितला. मी उभीच राहिले. दोनशे चाळीसला ते थांबले, तारेला गाठ मारली आणि म्हणाले, "आते बोला, बाई. नमस्कार."

तेव्हा मी सातपुड्यातल्या पाड्यावर राहत होते. पायथ्याच्या निवासी शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले, तुमचे आजोबा गेले, आणि तुमच्या बाबाने शहाद्याला चल म्हणून कितीही सांगितले तरी पाड्यावरच्या दोन खोल्या सोडवल्या नाहीत. पाड्यावर पंचवीस-तीस घरे. एका संस्थेने टेकाडावर सौर पॅनेल बसवून दिली होती आणि शेजारच्या खोलीत बॅटऱ्या ठेवल्या होत्या. तिथून वायरी सगळ्या घरांत गेल्या होत्या. एक ऊन, एक बॅटरी आणि सगळ्यांचे दिवे, अशी ती सामायिक व्यवस्था. समितीची चिटणीस मी. कोणी किती दिवे लावायचे, कोणी मोबाइल कधी लावायचा, हे नियम मी माझ्या अक्षरात लिहून बॅटरीच्या खोलीत चिकटवले होते. प्रत्येक घरात एक काळी डबी होती. ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढली की ती डबी त्या घरापुरता उजेड घालवी.

एवढे सगळे असून साडेसातला, म्हणजे नेमके भाकरी थापायच्या वेळी, सगळा पाडा अंधारात जाई. आमचे कारभारी, म्हणजे पाड्याचे प्रमुख, दर बैठकीत एकच ठराव मांडत: आणखी पॅनेल मागा. संस्थेचे उत्तरही ठरलेले होते. पॅनेल नाहीत, पण विजेवर चालणारी एक छोटी चक्की आहे. ज्या पाड्यावर सलग महिनाभर रोज रात्री दहापर्यंत दिवे टिकतील, त्याला ती मिळेल. आमचे जमले नाही तर ओढ्यापलीकडच्या पाड्याला.

ही चक्की सगळ्यात जास्त हवी होती ठुमलीबाईला. ती माझ्या शेजारी राहायची. दळणासाठी डोक्यावर ज्वारीचे गाठोडे घेऊन घाट उतरायचा आणि पीठ घेऊन पुन्हा चढायचा, असे तिचे आठवड्यातून दोन दिवस जात. त्यात गुडघा धरला होता. गुडघा फार दुखला की ती घरातल्या जात्यावर बसे आणि मग खांदा धरे. बैठकीत ती एकदाच बोलली. "मला उजेड नको. अंधारात जेवता येतं. मला पीठ पाहिजे."

दुसऱ्या दिवशी मी जीपने नंदुरबारला गेले आणि वेढे संपेपर्यंत वाट पाहून चाचांना सगळे सांगितले. त्यांनी विचारले, "पाड्यावर चहा भेटस ना? बिनदुधाना?" मी हो म्हटले. दोन दिवसांनी ते जीपमधून उतरले, खांद्याला अवजारांची पिशवी आणि हातात स्वतःचा डबा. कारभाऱ्यांनी त्यांना नव्या पॅनेलची जागा दाखवायला सुरुवात केली. चाचा म्हणाले, "माठ गळी ऱ्हायना आन तुम्हीन विहीर मोठी करी ऱ्हायनात. पहिले माठ तर पाहू द्या."

मग त्यांनी माठ पाहायला घेतला. पॅनेलवर बोट फिरवले आणि बोटाला लागलेली धूळ कारभाऱ्यांच्या धोतराला पुसली. ऊन चढण्याआधी काचा धुवायच्या, हे तेव्हापासून ठरले. मग ते घरोघर गेले. आमच्या लोकांनी घरातल्या वायरी स्वतःच वाढवल्या होत्या, दोन टोके पिळायची आणि वर लुगड्याची चिंधी बांधायची अशा पद्धतीने. प्रत्येक चिंधीवर चाचा उलटा हात ठेवत, सोडत, तांबे घासून लखलखीत करत आणि पक्का जोड देत. एका घराला अर्धा दिवस. कारभारी कुरकुरले, तर म्हणाले, "लगीन लावानं शे का? सावकाश होऊ द्या."

कारभाऱ्यांच्या स्वतःच्या घरात डालग्याखाली कोंबडीची पिल्ले होती आणि पिल्लांना ऊब म्हणून जुना पिवळा बल्ब दिवसरात्र जळत होता. चाचांनी डालगे उचलले. कोंबडी त्यांच्या अंगावर आली. एका हाताने तिला थोपवत त्यांनी विचारले, "कोंबडीले पंख देयेल शेतस ना? मंग दिवा कसाले?"

"पहाटे डोंगरात गारठा असतो, चाचा."

"तुमले थंडी वाजस तं तुम्ही दिव्यावर बसतस का?"

कारभारीण इतकी हसली की तिला भिंतीला टेकावे लागले. बल्ब निघाला, डालगे रात्री चुलीजवळ सरकले आणि पिल्ले सगळी वाढली.

आठवडाभरात दिवे साडेआठपर्यंत टिकू लागले, मग सव्वानऊपर्यंत. तिथे गाडी अडली. महिना मोजायला सुरुवातच होईना. पाऊस तोंडावर आला होता, आणि ढग आले की सगळेच बिघडणार. ओढ्यापलीकडचा पाडा रोज पावणेदहापर्यंत पोचला आहे, अशी बातमी ठुमलीबाईनेच आणली. ती दळण घेऊन त्याच वाटेने येत होती. गाठोडे ओट्यावर ठेवून ती चाचांना म्हणाली, "चाचा, तुमचा हात म्हातारा झाला का? चोर सापडत नाही."

"सापडी, बहीण. चोर सभ्य शे, म्हनीसन येळ लागस."

त्या दिवशी संध्याकाळी चाचा बॅटरीच्या खोलीत घड्याळ घेऊन बसले. सहा वाजता मीटरचा काटा एकदम उडाला आणि वीस मिनिटे खाली आला नाही. ते उठले आणि पाड्याच्या वरच्या टोकापासून एकेक घर पाहत खाली आले. माझे घर शेवटचे. मी दारातच होते, हातावर दुसऱ्या दिवशीची साडी घडी करून. चाचांनी भिंतीवरच्या प्लगला हात लावला. मग माझ्याकडे पाहिले. मग तोच उलटा हात हळूच साडीच्या घडीवर ठेवला.

"बाई, तुमनी साडी गरम शे."

वसतिगृहात होते तेव्हापासूनची माझी सवय तुम्हाला माहीत आहे. संध्याकाळी सहाला साडी, ब्लाउज आणि उशीचे अभ्रे इस्त्री करून ठेवायचे, म्हणजे सकाळ नीटनेटकी उगवते. ही वीज आहे, असे मला कधी वाटलेच नव्हते. ती शिस्त आहे असे वाटे. आणि काळी डबी माझ्या घरात नव्हती. बसवायला माणूस आला तेव्हा पाड्यावरचे लोकच म्हणाले होते, बाईंच्या घराला कशाला, नियम तर त्यांनीच लिहिलेत. मलाही ते योग्य वाटले होते. चाचांनी शांतपणे हिशेब सांगितला: एक इस्त्री म्हणजे पाड्यावरच्या सगळ्या दिव्यांच्या दुप्पट. माझी वीस मिनिटे म्हणजे सगळ्यांची चाळीस. सव्वानऊ आणि दहा यांच्यामधला जवळजवळ सगळा अंधार माझ्या कपाटात घड्या होऊन पडला होता.

मी खुर्चीवर बसले. चाचांनी स्वतःच चुलीवर चहा ठेवला. "मी कोनले सांगत नही," ते म्हणाले. "तुम्हीन उद्यापासून बंद करा, काम व्हयी गयं." सुटका सोपी होती. रात्रभर मी तिचा विचार केला आणि सकाळी बैठक बोलावली.

उभे राहून बोलताना माझा आवाज वर्गातल्यासारखा निघाला नाही. चोर कोण, हे मी सांगितले. कारभारी जमिनीकडे पाहू लागले. शेवटी ठुमलीबाई पुढे आली, माझा पदर दोन बोटांत धरला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "म्हणजे आमचं पीठ या घडीत होतं." आणि हसली. मग सगळेच हसले. मीही हसले; माझे डोळे भरले होते ते कोणाला कळू नये म्हणून जरा जास्तच.

मी म्हटले, आजपासून माझी इस्त्री बंद. त्यावर चाचा उभे राहिले. बैठकीत ते तेवढेच एकदा बोलले. "इस्त्री बंद कराले कोन सांगस? दुपारले करा ना. बारा वाजता बॅटरी भरी जास, मंग उरेल ऊन वाया जास. सूरज कामवर शे तवय आपन बठा झोपतस, आन तो घर गया का आपन काम काढतस." माझ्या चुकीतून त्यांना हा धागा मिळाला होता, आणि त्यांनी तो पाड्यावर सगळीकडे ओढला. मोबाइल दुपारी. पाण्याची मोटर दुपारी. माझी इस्त्री साडेबाराला, बॅटरीच्या खोलीत, कारण काळी डबी ती घरात चालू देणार नव्हती. माझ्या घरात काळी डबी बसली तेव्हा कारभाऱ्यांनी नारळ फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा मला दिला. डबीपुढे फोडलेला दुसरा नारळ मी आजवर पाहिलेला नाही.

त्या रात्री दिवे दहापर्यंत टिकले, दुसऱ्या रात्रीही. महिना पुरा होत आला तेव्हा ढग दाटले. पण तोपर्यंत पाडा इतका काटकसरी झाला होता की ठुमलीबाईने दोन संध्याकाळी आपणहून दिवा लावलाच नाही. सांगितल्याप्रमाणे अंधारात जेवली. चक्की आली.

ती दुपारी चालायची, हे वेगळे सांगायला नको. चाचांनी तिची मोटर उघडून आपल्या मनासारखी बांधून घेतली, आणि ठुमलीबाईला शिकवले की चक्की आधी रिकामी फिरू द्यायची, वेग आला की मगच धान्य सोडायचे. "झोपेल माणूसले उठाडस तसं उठाड. एकदम भार देऊ नको." पहिल्या दिवशी त्यांनी पिठाच्या तोंडाशी वाकून पाहिले आणि वर आले ते डोक्यापासून दाढीपर्यंत पांढरे होऊन.

"चाचा, आता तुम्ही गोरे झाले," ठुमलीबाई म्हणाली.

"मन्ही बायकोले दखाडू का? वळखी नही ती." त्यांनी पीठ झटकलेही नाही. तसेच बसून बिनदुधाचा चहा घेतला.

पुढची काही वर्षे चाचा दर महिन्याला येत राहिले, मग दोन महिन्यांनी, मग पाय थकले तसे फोनवर. फोनवरही पहिला प्रश्न तोच, दुपारी काय काय चालते. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी त्यांच्या शेजाऱ्यांचा फोन आला. चाचा पहाटे झोपेतच गेले होते.

मी नंदुरबारला निघण्याची तयारी करू लागले. बाहेर कारभारी म्हणत होते की मान म्हणून आज चक्की बंद ठेवू. ठुमलीबाई म्हणाली, "ऊन पडलंय. बंद ठेवली तर तेच रागावतील." तिने मला बारापर्यंत थांबवून घेतले. मग आपल्या घरची ज्वारी आणली, चक्की रिकामी फिरवली, वेग आल्यावर धान्य सोडले आणि पीठ गरम होते तसेच पिशवीत भरून माझ्या हातात दिले. बाकीच्या बायका आपापल्या दळणाचे डबे घेऊन बाजूला उभ्या राहिल्या. तिच्या आधी कोणी नंबर लावला नाही.

मी गल्लीत पोचले तेव्हा मातीला गेलेले लोक परतले होते. त्यांच्या मुसलमान समाजात अशा घरी तीन दिवस चूल पेटत नाही. शेजारीपाजारी जेवण करून आणतात. चाचांच्या बायकोच्या हाताला हात लावून मी थोडा वेळ बसले. मग शेजारच्या घरात गेले. तिथे दोन बायका आधीच परातीशी बसल्या होत्या. मी पिशवी पुढे केली. कुठले पीठ, असे एकीने विचारले. मी सांगितले. तिने हातातली परात रिकामी केली, धुतली, आणि ठुमलीबाईचे पीठ त्यात ओतून घेतले.

मीही पदर खोचून त्यांच्याबरोबर बसले. साडी मळली. भाकऱ्या झाल्या तशा त्या फडक्यात गुंडाळून मी चाचांच्या घरी नेल्या आणि त्यांच्या माणसांना वाढल्या.