फूटपट्टीचे सोळा सेकंद

माझ्या बाबांना त्यांच्या खात्यात सगळे फूटपट्टी म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि बाबांना त्याचा राग येत नाही. राग आमच्या घरात फक्त माझ्या नाकावर असतो, असं आई म्हणते.

बाबा रस्त्यांवर पांढरे पट्टे मारतात. रस्ता ओलांडायचे पट्टे, गाड्या लावायचे चौकोन, शाळेपुढचं ‘हळू’. ‘पट्टा मारणं सोपं, कुठे मारायचा ते मोजणं अवघड’ हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. घरात कपाट घ्यायचं तर आधी भिंत तीनदा मोजायची. एकदा आईने पडदे अंदाजाने शिवून घेतले, ते दोन बोटं आखूड झाले. नऊ वर्षं झाली त्याला, अजून दर रविवारी बाबा त्या पडद्यांकडे बघून उसासा टाकतात. आई म्हणते, “मी गेल्यावर लांब शिवून घ्या, तोवर गप्प बसा.”

हा माणूस सत्तेचाळिसाव्या वर्षी पळायला लागला. कारण आजोबा. चोपन्नाव्या वर्षी ते जिन्यात जरा टेकले ते उठलेच नाहीत. त्याआधी दोन महिने ते म्हणत होते, “हल्ली चढताना हळू होतंय,” आणि कोणी मनावर घेतलं नव्हतं. बाबा आता त्रेपन्नचे आहेत. यंदा त्यांना पहिल्यांदा पूर्ण मॅरेथॉन पळायची होती, तीही तीन तास चाळीस मिनिटांच्या आत. चोपन्न लागायच्या आधी. असं ते कधी बोलले नाहीत, पण आम्हाला कळत होतं.

सरावासाठी नदीकाठच्या रस्त्यावर त्यांनी दर किलोमीटरला हातभर पांढरी रेघ मारून ठेवली होती. त्यासाठी त्यांच्याकडे मोजणीचं चाक होतं. लांब दांडा, खाली चाक, वर आकडे दाखवणारी डबी. ढकलत चालायचं, एक फेरी झाली की डबीत एक मीटर वाढतो. खात्याने मोडीत काढलेलं, ते बाबांनी घरी आणून दुरुस्त केलं. मी त्यांना अंतर सांगणारं मनगटी घड्याळ घेऊन दिलं होतं, ते त्यांनी आठवड्यात परत केलं. म्हणाले, “रस्ता मी मोजलाय. वरून उपग्रह काय सांगणार मला?” त्यांच्याकडे साधं स्टॉपवॉच होतं, तेवढं पुरे होतं.

आणि खरंच पुरत होतं. किलोमीटरला पाच मिनिटं दहा सेकंद. सोमवार असो, शनिवार असो, पाच-दहा. वहीत खाली खाली तोच आकडा.

मग एका मंगळवारी ते घरी आले आणि बूट न काढताच बसले. “पाच-सव्वीस,” म्हणाले.

“होतं एखाद दिवशी,” आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पाच-सव्वीस. तिसऱ्या दिवशी पाच-पंचवीस. बाबांनी आधी बुटांना दोष दिला, नवे बूट आणले. मग झोपेला, नऊ वाजता दिवे घालवायला लागले. मग आईच्या स्वयंपाकाला, तिथे मात्र त्यांना चांगलंच ऐकून घ्यावं लागलं. “तीस वर्षं हेच खाताय, आणि आत्ता कुठे जड झालं?” एकदा त्यांनी जीव तोडून पळून बघितलं. पाच-एकवीस, आणि कठड्याला धरून ओकारी. सहा आठवडे असे गेले. ताप नाही, खोकला नाही, गुडघा दुखत नाही, माणूस धडधाकट, आणि किलोमीटरमागे सोळा सेकंद गायब. कुठे गेले, कोणी नेले, काही पत्ता नाही!

मग ते जिना चढताना मध्येच थांबायला लागले. दमले म्हणून नाही, छातीवर हात ठेवून ऐकत थांबायचे. ते बघून माझं धाबं दणाणलं. मी त्यांना ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी रक्त तपासलं, तारा लावून सरकत्या पट्ट्यावर पळवलं, छातीची सोनोग्राफी केली. म्हणाल्या, “काका, तुमचं हृदय माझ्यापेक्षा चांगलं आहे.”

“मग सोळा सेकंद गेले कुठे?”

“वय, काका.”

“सोमवारी नव्हतं आणि मंगळवारी आलं? एका रात्रीत?” बाई हसल्या. बाबा हसले नाहीत. परतताना रिक्षात म्हणाले, “माझ्या वडिलांचंही सगळं चांगलंच होतं.”

आता जे सांगते ते सांगायला लाज वाटते. मला भीती वाटत होती, हे खरं. पण आतून कुठेतरी जरा बरंही वाटत होतं. आता कळलं ना, असं वाटत होतं.

चार वर्षांपूर्वी मी अग्निशमन दलाच्या भरतीत नापास झाले. लेखी झाली, दोर चढून झाला, वजन उचलून झालं. राहिलं पळणं. सोळाशे मीटर, आठ मिनिटांच्या आत. सराव मी गोदामांमागच्या सरळ रस्त्यावर करायचे. तिथे बाबांनीच चाकाने मोजून सुरुवातीची आणि शेवटची रेघ मारून दिली होती. सरावात माझी वेळ सात मिनिटं चाळीस सेकंद. रोज. भरतीच्या मैदानावर आले आठ मिनिटं चार सेकंद. चार सेकंदांनी घरी.

बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर भांडून मोकळी झाले असते. त्यांनी शांतपणे हिशोब मांडला, “सरावात सात-चाळीस, परीक्षेत आठ-चार. चोवीस सेकंद गेले कुठे? पाय तेच, बूट तेच. मन कच्चं पडलं बेटा, घाबरलीस.” मग हेच त्यांनी मामाला सांगितलं, आत्याला सांगितलं, शेजारच्या काकूंना सांगितलं. दरवेळी तेवढ्याच मायेने. आणि मला ते पटलं. बाबा मोजून बोलतात ना! पुढे तीन वेळा भरती निघाली, तिन्ही वेळा मी अर्ज आणला आणि फाडला. घाबरट माणसाने आगीत कशाला शिरायचं? मी चष्म्याच्या दुकानात लागले. गेल्या महिन्यात मला अठ्ठावीस पूर्ण झाली, भरतीचं वय संपलं. त्या दिवशी आईने शिरा केला आणि मी ताट न उचलताच झोपून गेले.

तर डॉक्टरीणबाईंकडून आलो त्या संध्याकाळी बाबा वही मांडीवर घेऊन पुटपुटत होते, “सोळा सेकंद गेले कुठे? पाय तेच...”

माझं टाळकंच सरकलं. “मन कच्चं पडलं असेल!” मी म्हणाले.

आई म्हणाली, “जिभेला काही हाड?” बाबांनी वही मिटली. मी तणतणत आत गेले. भांडी घासायला घेतली, आणि रागाच्या भरात मनातल्या मनात त्यांच्याच पद्धतीने हिशोब करत बसले. त्यांचे हजार मीटरला सोळा. माझे सोळाशेला चोवीस. म्हणजे हजाराला पंधरा.

हातातलं पातेलं सुटून खाली पडलं.

मी ओल्या हातांनी बाहेर आले. “बाबा, तुमचं हे नक्की कधीपासून सुरू झालं?”

“रस्ता नवा झाला तेव्हापासून. नवं डांबर पायाला जड जातं म्हणतात.”

“आणि रेघा?”

“नव्याने मारल्या. चौकात वाहतुकीचा गोल बांधलाय ना, सुरुवातच पुढे सरकली. सगळ्या रेघा सरकल्या.”

“मोजल्या कशाने?”

“नव्या चाकाने. खात्यातल्या पोरांनी भेट दिलं नाही का मॅरेथॉनसाठी?” एवढं बोलून ते थांबले. माझ्याकडे बघत राहिले. मग उठले आणि स्टूल घेऊन माळ्यावरून जुनं चाक काढायला लागले. मी म्हणाले, “ते नको. टेप घ्या.”

सकाळी उजाडताच आम्ही गोदामांमागे गेलो. त्या रस्त्याला गेल्या कित्येक वर्षांत कोणी हात लावलेला नाही. माझ्या दोन्ही रेघा तशाच होत्या, जरा विटलेल्या. बाबांकडे तीस मीटरची पोलादी टेप होती. मी टोक धरायचं, त्यांनी पुढे जाऊन टेप ताणायची, गुडघ्यावर बसून खडूने खूण करायची, आकडा मोठ्याने म्हणायचा. एक. दोन. तीन. चाळिसाव्या खुणेपर्यंत त्यांचा आवाज खणखणीत होता. अठ्ठेचाळीसला ते उभे राहून पुढे बघायला लागले, कारण शेवटची रेघ दिसायला लागली होती, आणि ती इतक्यात दिसायला नको होती.

पन्नास टेप झाल्या आणि वर वीस मीटर. तिथे रेघ. पंधराशे वीस.

“माझं मोजायचं चुकलं,” बाबा म्हणाले. “दोन-तीन टेप सुटल्या असतील.” आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून हे ऐकलं. आम्ही उलटं मोजत आलो. पंधराशे वीस.

ऐंशी मीटर! मी सात-चाळीसमध्ये सोळाशे मीटर कधी पळालेच नव्हते. भरतीच्या दिवशी मी अगदी तशीच पळाले होते जशी रोज पळायचे, एक सेकंदही हळू नाही. फक्त मैदान पूर्ण होतं.

बाबांनी जुनं चाक बरोबर आणलं होतंच. ते त्यांनी टेपशेजारी ठेवलं, खूण केली आणि एक फेरी फिरवलं. डबीत एक मीटर पडला. टेपवर पंचाण्णव सेंटिमीटर.

“याचं रबर निघालं होतं,” ते म्हणाले. “चांगलं बोटभर जाड होतं. मी त्याजागी सायकलची ट्यूब कापून चिकटवली.” चाकावर हात फिरवत राहिले. “चाक लहान झालं. लहान झालं की जास्त फिरणार, मग डबी जास्त सांगणार. हे शेंबड्या पोरालाही कळेल गं. मी ते एकदाही टेपला लावून बघितलं नाही. माझ्या हातचं काम, म्हणून बघितलं नाही.”

म्हणजे त्यांचे सोळा सेकंद कुठे गेलेच नव्हते. ते मुळात नव्हतेच. हृदय ठणठणीत होतं, आजोबांसारखं काही होणार नव्हतं. आनंद व्हायला हवा होता, दोघांनाही. बाबा मात्र रस्त्यात मधोमध फतकल घालून बसले.

“तू घाबरली नव्हतीस,” ते म्हणाले.

मी भाजीवाल्याशी भांडते, दुकानात गिऱ्हाईकाशी भांडते, चार वर्षं मनातल्या मनात याच माणसाशी भांडत आले. आणि आता भांडायला सगळा रस्ता रिकामा होता, तर मी टेप गुंडाळत बसले. त्यांचा इतका राग आला होता की टेप फेकून मारावी, आणि ते असे बसलेले बघवतही नव्हतं.

“चला घरी,” मी कसंबसं म्हणाले. “तशीही चार सेकंदांनी कमीच पडत होते मी. नापासच झाले असते.”

“नाही,” बाबा म्हणाले. “शेवटच्या पंधरा दिवसांत तू मला म्हणत होतीस, बाबा, अजून जोरात पळून बघते. रोज म्हणत होतीस. मीच नको म्हणालो. म्हटलं, वीस सेकंद हातात आहेत, उगाच पाय दुखावून घेशील, आराम कर.”

मला यातलं काहीच आठवत नव्हतं. चार वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं.

“बाबा, हे नसतं सांगितलं तरी चाललं असतं.”

“नसतं चाललं,” ते म्हणाले.