ओढ्याच्या फरशीपर्यंत

गेल्या वर्षी पावसाळ्यात माझी अशी अवस्था झाली होती की सुईत दोरा ओवायचा म्हटलं तरी हात थरथरायचा. गावातल्या बायकांचे ब्लाउज मी शिवते. तेव्हा एकेक बाही दोनदा उसवायची, तरी ती वाकडीच बसायची. बायका बिचाऱ्या तशीच घालत. यजमान जाऊन वर्ष होत आलं होतं, मूलबाळ नाही, घरात मी एकटी. देवाचं नाव घ्यायला बसले तरी मन दुसरीकडंच. खरं सांगायचं तर, या सगळ्याचा काही उपयोग होतो का, असंच वाटायला लागलं होतं. बेळगावच्या मनाच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि बजावलं की, आता काही महिने दुसऱ्यांची ओझी उचलू नका. मी मान डोलावली, आणि परतीच्या बसमधून उतरून थेट आक्काकडं गेले.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आईमागं तिनंच मला वाढवलं. आमचं गाव निपाणीच्या बाजूला, आणि कोगनोळीचा नाका ओलांडला की पलीकडं कागलला ती राहते. तिचं आणि तिच्या सुनेचं पटत नाही. भाजीत मीठ कमी पडलं तरी मला फोन, सुनेनं दार जोरात लावलं तरी फोन. मी हातातलं काम टाकून धावायची. दोघींची समजूत घालून परत आले की दोन दिवस अंथरुणाला खिळायची. आक्काला मात्र तेवढ्यानं बरं वाटायचं. नाही म्हणायला माझी जीभच रेटत नसे. जिनं मला न्हाऊमाखू घातलं, तिला नाही कोणत्या तोंडानं म्हणणार?

त्या साली आमच्या बस्तीत, म्हणजे गावच्या जैन मंदिरात, एक माताजी, म्हणजे जैन साध्वी, चातुर्मासाला थांबल्या होत्या. मूळच्या कन्नड मुलखातल्या, मराठी सावकाश, शब्द निवडून बोलायच्या. एका दुपारी 'वंदामि' करून मी त्यांच्यासमोर बसले आणि का कोण जाणे, रडायलाच लागले. त्यांनी रडू दिलं. मग विचारलं, "आम्ही चार महिने एकाच गावात का थांबतो, सांग बघू."

पाठशाळेतलं उत्तर मला येत होतं. पावसात जमिनीवर बारीक जीव वाढतात, चालताना ते पायाखाली येऊ नयेत म्हणून.

"तुझ्या आत पण आता पावसाळाच आहे बाळ," त्या म्हणाल्या. "काहीतरी कोवळं वर येतंय. त्याच्यावर कुणाचा पाय पडू देऊ नको. तुझा स्वतःचासुद्धा."

आणि त्यांनी मला देशव्रत दिलं. आमच्यात हे व्रत जुनं आहे. ठरलेल्या मुदतीपर्यंत ठरलेल्या हद्दीबाहेर जायचं नाही. हद्द सांगायची ती खुणांनी. माझी ठरली ती अशी: उगवतीला बस्तीची विहीर, मावळतीला ओढ्याची फरशी, मुदत दिवाळीपर्यंत. फरशी म्हणजे पाणी वरून वाहून जाईल असा बसका पूल. त्याच्या पलीकडून वाट हायवेला आणि आक्काकडं जाते.

व्रत घेतल्यावर मला एकदम हलकं वाटलं. त्याच दिवशी आक्काचा फोन आला. यायला जमणार नाही म्हणून मी सांगितलं आणि त्याची भरपाई म्हणून तिचं सगळं ऐकून घेतलं, सुनेला फोनवर घेऊन तिचीही समजूत काढली. दिवस मावळायच्या आत जेवायचं तेही राहिलं आणि तशीच उपाशी पडले. असे पुष्कळ दिवस गेले. घरात बसूनही बाह्या आणखीच वाकड्या व्हायला लागल्या. माताजींना सांगितलं, तर त्या खुदकन हसल्या. हद्दीबाहेर आपला आवाज पोचवायचा नाही, हेही याच व्रतात येतं, त्यांनी आठवण करून दिली. खरंच की. पाठशाळेत मी ते घडाघडा म्हणून बक्षीस मिळवलं होतं, आणि फोनवरचा आवाजही आवाजच असतो हे काही डोक्यात आलं नव्हतं. जिवावरचं काही आलं तर व्रताकडं बघत बसू नको, माझ्याकडं ये, असंही त्या म्हणाल्या.

मी आक्काला शेवटचा फोन केला आणि दिवाळीनंतर बोलू म्हणून सांगितलं.

"म्हंजे तुला आता भन नको झाली," ती म्हणाली. "व्हय की न्हाई, तेवढंच सांग."

"तू पाहिजेस आक्का. म्हणूनच थांबलीया."

तिनं फोन ठेवला. तो दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. आईला दुसऱ्यांदा पोचवून आल्यासारखं वाटलं.

मग एक विचित्र, मऊ काळ सुरू झाला. सकाळी धुकं असायचं, उसाच्या शेंड्यांवर तरंगत राहायचं. बस्तीतली घंटा दुरून पाण्याखालून वाजल्यासारखी वाटायची. कितीदा तरी मला आपण जागे आहोत की झोपेत, हेच उमगत नसे. संध्याकाळी उजेड असतानाच भाकरी खायची, फरशीपर्यंत चालत जायचं, वळून परत यायचं. यजमान गेल्याचं रडू मला त्या वाटेवर आलं, वर्षभर अडकलेलं. ते रडायला आजवर मला सवडच मिळाली नव्हती. हळूहळू बाह्या सरळ बसू लागल्या.

दिवाळी तोंडावर आली असताना एका पहाटे शेजारच्या काकू धावत आल्या. आक्काच्या सुनेचा त्यांना फोन आला होता. भांडण झालं होतं आणि आक्का न सांगता घरातून निघून गेली होती. माताजींना विचारायचंही भान राहिलं नाही. चप्पल न घालताच मी ओढ्याकडं पळाले. धुक्यात फरशीचं पलीकडचं टोक दिसत नव्हतं, फक्त हायवेवरच्या गाड्यांची घरघर ऐकू येत होती. आक्काला काही झालं तर हे व्रत घेऊन मी करू काय? मोडलं तर मोडलं, म्हणून मी पाय उचलला.

तेवढ्यात धुक्यातून एक बाई आली. डोक्यावर झेंडूच्या फुलांची पाटी, हातात हिरव्या बांगड्या. माझ्याकडं बघून ती थांबली.

"कुनाची वाट बघतीस?"

"बघत न्हाई. पलीकडं निघालीया. माझी भन..."

"मग थांब की हितंच," ती म्हणाली. "वाट काय एकाच बाजूनं चालती व्हय?"

एवढं बोलून ती माझ्या शेजारून गावाकडं गेली. झेंडूचा वास मागं रेंगाळला. माझा पाय आपोआप खाली आला. मी डोळे मिटून णमोकार मंत्र म्हणू लागले, आणि मनात एवढंच आलं की, आक्काला मी किती पुरणार? ती माझ्या हातात कधी नव्हतीच. मी मुठी सोडल्या. डोळे उघडले तर फरशीवरून आक्का येत होती. पदर डोक्यावर, हातात कापडी पिशवी, दमलेली.

फरशीच्या मध्यावर ती थांबली. मी पळत जाऊन तिला मिठी मारावी म्हणून थांबली असणार, आजवर तसंच होत आलं होतं. मी आहे तिथंच उभी राहिले आणि दोन्ही हात पुढं केले. माझे डोळे वाहत होते. तिनं माझ्या पायांकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि उरलेलं अंतर ती चालून आली.

ती माझ्याकडं दिवाळी होईपर्यंत राहिली. सुनेचा विषय काढला की मी म्हणायची, माझ्यात आता तेवढं बळ नाही आक्का, तू बस नुसती. ती चिडायची, मग बसायची. एके दिवशी माझ्या मशीनशेजारी बसून तिनं हुक लावून दिले. तिचं आणि सुनेचं अजूनही तसंच चालतं. पण आता ती आधी सुनेशी भांडून घेते आणि मग मला सांगते.

त्या फुलवाल्या बाईचा मी गावात तपास केला. तिला कुणीच ओळखत नव्हतं, त्या सकाळी बस्तीत फुलं घेऊनही कुणी आलं नव्हतं. आक्कालाही वाटेत कुणी भेटलं नव्हतं. आमच्या धर्मात देव खाली उतरून कुणाची कामं करत नाही, हे मी लहानपणापासून शिकलेय. त्यामुळं याला काय म्हणायचं मला कळत नाही. माताजींना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या की, नाव नको देऊ, हात जोड.

चातुर्मास संपला, माताजी विहाराला, म्हणजे पायी पुढच्या गावाला, निघाल्या. आम्ही सगळे पोचवायला निघालो. फरशीशी आल्यावर माझी पावलं सवयीनं थांबली. त्यांनी मागं वळून बघितलं. "सुटली की हद्द. ये."

मी गेले. आजही पलीकडं जायची वेळ आली की मी त्या जागी क्षणभर उभी राहते आणि आत विचारते, जाऊ का? पुष्कळदा हो येतं. नाही आलं, तर हात जोडते, माघारी वळते आणि घरी येऊन दोघींपुरता चहा टाकते. आक्का हल्ली कधीही येते.