आमचं दार, काकांचा टीव्ही

आमच्या घरमालकांना मी काका म्हणते. ते माझ्या वडिलांच्या गावचे, म्हणून मला लेक मानतात. नागपुरात हुडकेश्वरला त्यांच्या घराचा वरचा मजला मला मिळाला तो याच नात्यावर. नवऱ्यापासून वेगळी राहते, सोबत लहान मुलगी आहे, असं सांगितलं की बाकीच्या घरमालकांना एकदम आठवायचं, की खोली तर कालच दिली. काकांनी किल्ली हातात ठेवली अन् म्हणाले, "माहेर समज पोरी."

कॅमेरा त्यांनी उन्हाळ्यात लावला, गल्लीत चोरी झाली म्हणून. जिन्याच्या वर, बरोबर माझ्या दाराकडे तोंड करून. मी म्हटलं, "काका, चोर गेटातून येईल का सरळ माझ्या दारातून निघेल?" तर म्हणे, "तुह्यासाठीच लावला न. तू एकटी आहे." भलं करणाऱ्याशी भांडता येत नाही, हीच तर पंचाईत.

मुलीचा ताबा मिळावा म्हणून तिच्या बाबांनी फॅमिली कोर्टात अर्ज केलेला होताच. एका तारखेला न्यायाधीश मॅडमनी दार लावून घ्यायला सांगितलं, कारण घरातल्या गोष्टी चारचौघांत नकोत, अन् त्याच बंद दाराआड मुलीच्या बाबांच्या वकिलांनी लॅपटॉपवर माझं दार दाखवलं.

भर दुपारचं ऊन. जिन्यावरून एक पुरुष येतो. डोक्यातोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, फक्त डोळे उघडे. मे महिन्यात अख्खं नागपूर असंच फिरतं, पण त्या पडद्यावर तो दरोडेखोर वाटत होता. दार उघडतं. माझी मुलगी बाहेर येते. तो तिच्यासमोर वाकतो, दोन्ही हात पुढे करतो. तिथं क्लिप संपली. दुसऱ्या क्लिपमध्ये तोच माणूस, तसाच दुपट्टा गुंडाळून, सकाळी जिना उतरत होता.

"आई एकटी राहते म्हणून सांगते," वकील म्हणाले. "हा रात्रभर कोण राहतो, अन् आठ वर्षांच्या पोरीपुढे वाकून काय करतो, ते कोर्टानं विचारावं."

माझ्या कानातून वाफा निघाल्या. "तो माझा भाऊ आहे!" मी ओरडले. शहराबाहेर वाडीच्या गोदामात माल उतरवायला त्याचा ट्रक येतो, अन् मुक्काम माझ्याकडे असतो.

"चेहरा कुठं दिसतो?" वकील म्हणाले.

मी मुलीच्या बाबांकडे पाहिलं. माझ्या भावाला हा माणूस लग्नापासून ओळखतो. त्याची चाल, त्याचा तो पिवळा दुपट्टा, सगळं ओळखतो. त्याने मान मोबाईलमध्ये घातली होती. मॅडम नुकत्याच कोल्हापूरकडून बदलून आलेल्या. त्या म्हणाल्या, "पूर्ण चित्रण असेल तर पुढच्या तारखेला आणा. मुलीशी आमच्या समुपदेशक बोलतील." म्हणजे माझ्या लेकराला आता विचारणार, मामा तुला कुठं हात लावतो?

बाहेर आल्यावर माझ्या वकीलताई म्हणाल्या, "खाजगीपणा हा आपला मूलभूत हक्क आहे, सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय. दारावर कॅमेरा रोखला, चित्रण परस्पर दिलं, यावर मी भांडणारच आहे. पण इथं मुलीचं हित बघतात, अन् त्यासाठी कोर्ट असला पुरावा पाहू शकतं. नुसता हक्क सांगत बसलो, तर लपवतोय असं वाटेल."

"म्हणजे माझं दार कोणी पाहू नये, म्हणून आधी मीच ते सगळ्यांना दाखवू?"

"सध्या तरी."

"वा रे हक्क!" मी म्हटलं अन् रिक्षात बसले. भांडायला वेळच नव्हता. काकांच्या कॅमेऱ्याच्या मशीनमधलं जुनं चित्रण आपोआप पुसलं जायचं, अन् मे कधीच मागे पडला होता.

घरी आले तेव्हा खाली काकू टीव्हीसमोर मेथी निवडत होत्या. पडद्यावर मालिका, अन् कोपऱ्यातल्या चौकोनात माझं दार. माझ्या दारावर वाळत घातलेली ओढणीसुद्धा स्पष्ट दिसत होती.

"काका, त्यांना क्लिप तुम्ही दिली?"

"जावई आले होते न, संत्रा बर्फी घेऊन," काका निर्मळपणे म्हणाले. "तू माही लेक, मंग ते माहे जावई झाले का नाही? जावयाले नाही म्हणता येते का?"

"त्याच जावयासोबत माझी केस सुरू आहे काका!"

"भांडणं होतच राहते वं. मले वाटलं, काळजीनं पाहून राहिले."

डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. पण अडला हरी. मी हात जोडले अन् म्हटलं, मे महिना दाखवा.

काका रिमोटनं चित्रण मागे मागे नेऊ लागले. मी गाऊनवर कचरा टाकायला जाते. मी दाराशी उभी राहून वेणी घालते. मी पायरीवर बसून फोन कानाला लावून रडते. ती संध्याकाळ मी कोणालाच सांगितली नव्हती.

"हे पाह्य," काकू म्हणाल्या, "त्या दिवशी तू किती रडली वं. मी तुह्या काकाले म्हटलंसुदा, पोरीचं काही तरी बिनसलं."

"मग वर काहून नाही आल्या?"

काकूंनी मेथीची काडी मोडली. "दिसून तर राहिलं होतं न इथून," त्या म्हणाल्या.

अन् मग ती दुपार सापडली, पुसली जायच्या अगदी तोंडावर. तो वाकतो, दोन्ही हात माझ्या मुलीच्या पायाला लावतो अन् कपाळाला नेतो. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो, मग ती केवढीशी का असेना. पोरगी जुन्या बाईसारखी त्याच्या डोक्यावर हात ठेवते, मग दुपट्टा ओढून काढते. भावाचा हसरा, घामाघूम चेहरा थेट कॅमेऱ्यात.

"अरे! हा तर तुहा भाऊ!" काका उभेच राहिले.

"तेव्हा नाही दिसला?"

"मी चहा सांगाले आत गेलो होतो. जावई इथंच बसून टीव्हीवरून मोबाईलमध्ये घेऊन राहिले होते."

म्हणजे त्याने सगळं पाहिलं होतं. दर दिवाळीला हा स्वतः भाच्याच्या पाया पडतो, अन् इथं नेमकं पायांपाशी हात पोचायच्या आधी त्याने बोट दाबलं. मला आधी भीती वाटली, संताप नंतर आला. इतकी वर्षं मी कोणासोबत जेवत होते?

तारखेच्या दिवशी समुपदेशक बाई मुलीला वेगळ्या खोलीत घेऊन गेल्या. ती बाहेर आली तेव्हा माझा हात धरून बसली. काय विचारलं ते मी विचारलं नाही, आधीच पुष्कळ लोकांचं विचारून झालं होतं.

मॅडमनी पूर्ण चित्रण पाहिलं. "मामा पाया पडतो? भाचीच्या?"

"हो मॅडम, इकडं असंच असते," बाजूला बसलेले लिपिक न विचारता बोलले.

मॅडम मुलीच्या बाबांकडे वळल्या. "तुम्ही भाच्याच्या पाया पडता?"

त्याला खोटं बोलता आलं असतं, पण समोर लिपिक होते, तेही इकडचेच. "हो," तो म्हणाला.

मुलगी माझ्याकडेच राहिली. घरी कोण येतं जातं याचा हिशोब आईनं देत बसू नये, असंही मॅडम म्हणाल्या. तो तर मी देऊन बसले होते. काकांनी कॅमेरा गेटाकडे वळवला, अन् वर येऊन नुसतेच उभे राहिले. मी चहा केला. दुसरी खोली मला कोण देणार होतं?

राखीला भाऊ आला. दारातच चपला काढल्या अन् सवयीनं वाकला. पोरीनं झटकन पाय मागे घेतले.

"इथं नको मामा."

"काहून वं?"

"कॅमेरा तिकडे वळवला आता," मी म्हटलं. तिनं ऐकलंच नाही. मामाला हाताला धरून आत ओढलं, दार लोटलं, टाचा उंच करून वरची कडी लावली.

"आता पड," ती म्हणाली. भाऊ वाकला. तिनं एक हात त्याच्या डोक्यावर ठेवला, दुसरा कडीवरच होता.