पहिला चमचा

सेन म्या रोज संध्याकाळी दुधीचं सार करायची. पाण्याला उकळी आली की ठेचलेला लसूण, थोडे सोडे, मग दुधीच्या पातळ फोडी. फोडी काचेसारख्या दिसायला लागल्या की भांडं उतरवायचं. मीठ नावाला. आईला रक्तदाब होता, आणि आंबट तर अजिबात चालत नव्हतं. आई जाऊन वर्ष होत आलं, तरी सेन म्याच्या हाताला दुसरं सार ठाऊकच नसल्यासारखं झालं होतं.

इकडे ब्रह्मदेशात, आमच्या प्ये गावात, साराचा वाडगा एकच असतो. बुटक्या गोल टेबलाच्या मधोमध तो ठेवायचा आणि ज्याने त्याने आपला चमचा त्यात बुडवायचा. सेन म्या अजूनही तो मधोमधच ठेवायची आणि हात लांब करून प्यायची. समोर खिडकीकडे आईची जागा.

पण आधी पहिला चमचाभर भात आईच्या ताटलीत, वर थोडं सार. हा मान घरातल्या थोरल्या माणसाचा. ते परगावी असलं तरी त्याचा चमचा निघतो. मेलेल्याचा निघत नाही. सातव्या दिवशी भिक्षूंना जेवण घातलं, ‘आता तू मोकळी’ असं सांगून झालं, की संपलं. सेन म्याचं संपलं नव्हतं. जेवण झाल्यावर तो गार भात ती स्वतःच खायची.

शेजारची यी मोन शिवणकाम करायची. नवरा इरावतीवर मालाच्या बोटीत, क्वचित घरी. ती कुंपणावरून रोज हाक मारायची.

“मावशी, आज इकडेच या जेवायला.”

“सार झालंय माझं.”

“ते सार? नदीचं पाणी कोमट करून प्यावं तसं लागतं ते.”

“मग तू पिऊ नकोस.”

“एकटीने काय जेवता? भिंतीला वाढता का?”

सेन म्या हसून आत जायची. न जाण्याचं कारण ती एकदाच बोलली होती. “तुझ्याकडे आले तर पहिला चमचा मलाच वाढशील. थोरली मीच ना. मग आई कुठे?”

थंडी सरताना यी मोनला ताप आला. दोन दिवस शिलाई मशीन वाजलं नाही, तेव्हा सेन म्या पलीकडे गेली. यी मोन चटईवर पडून होती.

“काही खाल्लंस?”

“तोंड कडू झालंय. आंबट काहीतरी करा मावशी. तुमचं ते दुधीचं नको, पाया पडते.”

कुंपणाशी अंबाडी होती. सेन म्याने पाला खुडला, यी मोनच्याच चुलीवर भात चढवला. कांदा, लसूण, मिरची, सोडे तेलात परतले, पाला टाकला, तो मऊ पडून काळपट झाला, मग पाणी ओतलं. आंबट वाफ नाकात गेली आणि तिच्या तोंडाला पाणी सुटलं. आपल्याला हेच सार आवडायचं, हे तिला तेव्हा आठवलं.

वाडगा मधोमध ठेवून ती म्हणाली, “खा तू. मी जाते.”

“बसा हो जरा.” यी मोन भिंतीला टेकून बसली आणि तिने दुसरी ताटली मावशीपुढे सरकवली. तिने चमच्यात भात घेतला, वर सार घातलं आणि तो चमचा सेन म्याच्या ताटलीत रिकामा केला. लहानपणापासूनची हाताची सवय. मग तिच्या लक्षात आलं.

“चुकले मावशी. परत घेते.”

“वाढलेलं परत घेतात का?”

सेन म्याने ताटली जवळ ओढली. भातातून वाफ येत होती. तो घास तिने आजवर गारच खाल्ला होता. तिने तो तोंडात घातला.

“मीठ कमी आहे.”

“मग घाला की. इथे कुणाला रक्तदाब आहे?”

तिने मीठ घातलं. दोघींचे चमचे वाडग्यात एकमेकांना लागले. थोडं पिऊन यी मोन तिथेच कलंडली आणि झोपली.

घरी चिरलेला दुधी तसाच पडला होता. सेन म्याने तो शिजवला नाही. आईची ताटली धुतली, पुसली आणि इतर ताटल्यांच्या तळाशी ठेवली. मग कुठे बसावं ते तिला कळेना. टेबल गोल होतं, तरी त्या घरात थोरल्या माणसाची जागा एकच होती, खिडकीकडची.

ती तिथे जाऊन बसली. समोर तिची रोजची जागा रिकामी दिसत होती.